टाकाची जोडवी

पटलं नाही तर सोडून द्या. पण रचलेली म्हणू नका.

हे माझ्या आईनं, कडूबाईनं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ज्या बाईवर ते गुदरलं ती तिची सख्खी थोरली बहीण. चंद्रभागा. माझी मावशी.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्या असतात.

ही भर दुपारची आहे.

चैत्र महिना. निजामाचं राज्य. मानमोडीच्या तापानं घरंच्या घरं धुऊन नेली, त्याला दीडेक वर्ष झालं होतं. गाव सिंदफणेच्या काठचं, माजलगावच्या बाजाराला गाडीनं सकाळी निघावं आणि ऊन चढायच्या आत पोचावं एवढ्या अंतरावर. नाव लिहीत नाही. मावशीच्या सासरच्या भावकीतली माणसं अजून आहेत.

त्या गावाबाहेर, नदीच्या अंगाला, एक बंगला होता.

बंगला बांधला अर्जुनरावांनी. मोठे शेतकरी. कापसाच्या गाड्या घेऊन ते जालन्याला जात. एका खेपेला बायकोलाही गाडीत बसवून नेलं. गावानं नावं ठेवली, पण त्यांनी ऐकलं नाही. जालन्याला रेल्वेच्या गोऱ्या साहेबाचा बंगला होता. लाल कौलं, पुढं ओसरी, खिडक्यांना काचा. जानकीबाई कुंपणाबाहेर उभी राहून बघत राहिली.

"घरात बसून नदी दिसंल का वं अशी?" एवढंच ती म्हणाली.

अर्जुनरावांना तेवढं पुरलं.

कौलं रेल्वेनं जालन्यापर्यंत आली, तिथून गाड्यांनी. शहाबादी फरशी आली. काचा कडब्यात गुंडाळून आणल्या. आणि बांधायला ठेवला म्हाळू गवंडी.

म्हाळूची एक रीत होती. तो घर मालकिणीच्या मापानं बांधायचा. मालकिणीला उभं करायचं, सासूनं टाचेपासून टाळूपर्यंत सुतळी धरायची, म्हाळूनं तिथं गाठ मारायची. त्यावर चार बोटं जागा सोडली की दाराची उंची. त्याच सुतळीच्या घड्या घालून खिडक्या, कोनाडे, दिवा ठेवायची देवळी. काम संपलं की सुतळी उंबऱ्याखाली पुरायची.

"घर बाईच्या अंगाला बसलं पायजे," म्हाळू म्हणायचा. "बाप्याचं काय, त्यो वाकून येतो न् जातो."

आता जानकीबाई एवढीशी. डोक्यावर घागर घेऊन निघाली की लांबून नुसती घागरच चालल्यासारखी दिसायची. काळ्या दगडाची चौकट उभी राहिली तेव्हा गाव हसलं.

"सायबाचा बंगला आन् खुराड्याचं दार!"

"वाका की जरा," अर्जुनराव म्हणाले. "देवळात वाकत न्हाई का?"

चौकट उभी राहिली आणि मानमोडी आली.

जानकीबाई तापानं फणफणली. नदी दिसणारी खिडकी अजून नुसतं भगदाड होती. काच बसायच्या आधीच ती गेली.

अर्जुनरावांची आई छबुबाई खमकी बाई. वर्षाच्या आत तिनं लेकाला पुन्हा बोहल्यावर चढवलं. वडवणीकडची पोरगी केली. गरिबाघरची, पण कामाला वाघीण. चंद्रभागा ताडमाड होती. रुंद हाडाची, ज्वारीचं पोतं एकटीनं पाठीवर घेणारी.

लग्नाच्या मांडवातच छबुबाईनं तिच्या गळ्यात काळा दोरा बांधला. दोऱ्याला चांदीचा टाक. टाकावर एक बाई कोरलेली. लहानशी, हात जोडून उभी.

"ही तुजी थोरली," छबुबाई म्हणाली. "हिला आधी, मग तुला."

रीतच होती तशी. मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. गोडाचा घास आधी टाकाला दाखवायचा, मग खायचा. बांगडी, कुंकू, गजरा, सगळं आधी तिला.

जिवंत सवतीशी भांडता येतं. हिच्याशी काय भांडणार?

रात्री अर्जुनराव कूस बदलत, तेव्हा अंधारात त्यांचा हात चाचपडत येई. चंद्रभागेच्या गळ्याशी येई. टाकावर थांबे. आणि तिथंच थांबून राही.

तिच्या पोटात निखारा पडला तो तेव्हा.

बंगल्याचं राहिलेलं काम पुन्हा सुरू झालं. एक दिवस ती कामावरच्या माणसांना भाकरी घेऊन गेली. भिंतीआड म्हाळूचा आवाज आला.

"मालक, इचारू का? नव्या बाईंचं माप घेतो. चौकट उकरून उंच करतो. त्यांचं कपाळ लागंल."

"हाय तेच माप ऱ्हाऊ दे."

"मालक, मेल्या माणसाच्या मापाचं घर करू न्हाई. घर माप इसरत न्हाई."

"तुला बांधायला ठिवलंय का शिकवायला बे?" अर्जुनराव कडाडले. मग हळू आवाजात म्हणाले, "तिच्यासाठी काढलंय हे घर. तिच्याच मापाचं हुईल."

चंद्रभागेनं भाकरीची पाटी तिथंच ठेवली. आली तशी परत गेली.

मार्गशीर्षात घरभरणी झाली. सगळा गाव जमला. छबुबाईनं दारातच तिला अडवलं.

"टाक हातावर घे. आधी थोरलीला आत जाऊ दे."

चंद्रभागेनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. टाक चोळीत खुपसला, मान ताठ केली आणि पाऊल टाकलं.

खाड्‌कन कपाळ दगडावर आदळलं.

डोळ्यांपुढं काजवे चमकले. कुंकवातून रक्ताची धार आली. आणि मागून कुणीतरी खिदळलं.

"अगं बया! थोरलीनं टपली मारली की गं!"

बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. चंद्रभागेनं नवऱ्याकडं बघितलं.

अर्जुनराव पुढं आले. हात वर केला. आणि चौकटीच्या दगडावरून फिरवला. कुठं टवका उडाला नाही ना, ते बघत होते.

ते कपाळाच्या जखमेपेक्षा खोल गेलं.

नव्या घरात ती पाहुणी होती. दारातून जाताना वाकायचं. देवळीत दिवा लावताना वाकायचं. कोनाडे तिच्या कमरेला. नदीच्या खिडकीशी बसलं की खिडकीची आडवी पट्टी नेमकी डोळ्यांवर यायची. वर आभाळ दिसायचं, खाली अंगण दिसायचं. नदी तेवढी दिसायची नाही.

जी मेली तिला दिसली असती.

संक्रांतीच्या बाजाराला ती माजलगावला गेली, आणि गर्दीतून बाजूला होऊन सोनाराच्या पुढ्यात जाऊन बसली. गळ्यातला टाक काढून त्याच्या हातावर ठेवला.

"टाक मोडत नसत्यात, बाई," सोनार म्हणाला. "देवाचा असू दे न्हाईतर सवतीचा."

"मोडू नगा. वितळवा."

"आन् करू काय?"

"जोडवी."

सोनाराचा हात थांबला. "पायात?"

"लई दिस गळ्यात उबी हुती," चंद्रभागा म्हणाली. "पाय दुकले आसतील. आता माज्या पायात बसू द्या तिला."

थोडी चांदी वर घालून त्यानं जोडवी केली. पैसे घेताना त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

घरी येऊन तिनं सांगितलं, नदीवर आंघोळीला उतरले होते, दोरा तुटला, टाक वाहून गेला. छबुबाईनं थयथयाट केला. अर्जुनराव उठून नदीवर गेले. अंधार पडेपर्यंत पाण्यात हात घालून वाळू चाळत होते.

चंद्रभागा चुलीपुढं बसून पायाची बोटं हलवत होती.

किण… किण…

आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या घरात गाढ झोप लागली.

मग एका दुपारी…

छबुबाई ओसरीवर कलंडली होती. अर्जुनराव शेतात. घर सुनसान. चंद्रभागा माजघरातून चालली होती. फरशीवर जोडवी वाजत होती.

किण… किण… किण…

ती थांबली.

…किण.

एक पाऊल जास्त वाजलं.

तिनं मागं बघितलं. कुणी नव्हतं. फरशीवर काचेतून आलेलं ऊन पडलं होतं, आणि उन्हात तिची सावली. आखूड. दुपारची सावली आखूडच असते, असं तिनं स्वतःला समजावलं.

ती पुन्हा चालली. पुन्हा थांबली.

…किण.

आठ-पंधरा दिवसांत तिला त्याची सवय झाली. "यी माज्या मागं मागं," ती पुटपुटायची. "धाकटी हायेस आता तू."

आणि मग एक गोष्ट व्हायची थांबली.

लक्षात यायलाच तिला वेळ लागला. वाजणारं कानाला कळतं. न वाजणारं कसं कळावं?

तिचं कपाळ आपटायचं थांबलं होतं.

घाईत असो, हातात परात असो, डोक्यावर घागर नसली म्हणजे ती दारातून सरळ जायची. वाकायची आठवणसुद्धा राहायची नाही. देवळी हाताशी आली. आणि एक दिवस खिडकीशी धान्य निवडताना तिनं सहज मान वर केली, तर समोर सिंदफणा चमकत होती. पट्टी डोळ्यांच्या वर गेली होती.

ती हरखली. घर अंगवळणी पडलं, म्हणाली.

अर्जुनरावही बदलले. संध्याकाळी ते ओसरीवर एकटे बसत, ते आता आत येऊन चुलीपाशी टेकू लागले. कापसाच्या, जालन्याच्या गप्पा सांगू लागले. एकदा बाजारातून हिरवा चुडा घेऊन आले. बांगड्या तिनं हातात घेतल्या आणि तोंड पाडलं.

"ह्या पोरीच्या मापाच्या हायेत. माजा हात केवढा, तुमाला म्हाईत न्हाई का?"

"घालून तर बघ."

तिनं घातल्या. कासाराच्या हाताशिवाय, तेलाशिवाय, सर्रकन चढल्या.

अर्जुनराव हसले. लग्न झाल्यापासून ते तिच्याकडं बघून पहिल्यांदा हसले. त्या हसण्यापुढं तिला बाकी कशाचं भान राहिलं नाही. सवत गेली. घर माझं, नवरा माझा. लुगडं जमिनीवर लोळतंय, ओचा कितीही खोचला तरी काठ पायात येतोय, एवढी बारीक गोष्ट कोण मनावर घेतो?

चैत्रात कडू आली. बहिणीकडं चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला. आई तेव्हा परकरी पोर होती, लग्न ठरण्याच्या वयाची. ती दारात आली आणि तिथंच थबकली.

"अक्का, तुजं लुगडं कावून लोळतंय?"

"लांबीला जास्त आलंय."

"आन् तू खुजी कावून दिसायलीस?"

"तूच वाढलीस की बाबळीवानी!"

"मी वाढले आसंन," कडू म्हणाली. "पर माजा परकर बघ. मागल्या साली घोट्याला हुता, आताबी घोट्यालाच हाय."

चंद्रभागा हसली. कडूला पाठ लावून उभी राहिली, मागच्या साली राहिली होती तशी. तेव्हा कडूचं डोकं तिच्या खांद्याला लागलं होतं.

आता चंद्रभागेचं डोकं कडूच्या कानाला लागलं.

तेवढ्यात ओसरीवरून अर्जुनरावांचा आवाज आला. मऊ, लाडाचा.

"जानकी… पाणी आण गं."

"आले," चंद्रभागा म्हणाली.

आणि तांब्या भरायला वळली.

कडूनं तिचा दंड धरला. "अक्का. त्यांनी कुणाला हाक मारली?"

"मला."

"तुजं नाव काय?"

"येडी का खुळी तू? माजं नाव…"

ती थांबली.

तोंड उघडं होतं. जीभ हलत होती. नाव येत नव्हतं.

"जा…" एवढंच बाहेर आलं. मग तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

आईनं तिला नाव सांगितलं. कानात तोंड घालून पुन्हा पुन्हा सांगितलं. चंद्रभागा, तू चंद्रभागा. तेव्हा कुठं ती हमसून रडली आणि टाकाचं, सोनाराचं, सगळं सांगितलं. दोघींनी परसात जाऊन जोडवी काढायला घेतली. तेल लावलं. रिठ्याचा फेस लावला. दोरा गुंडाळून ओढला. बोटं काळीनिळी पडली. जोडवी हलली नाहीत. बोटांबरोबर तीही आवळत आली होती.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव मळ्यात गेले. छबुबाई चैत्रगौरीच्या बोलावण्याला गावात गेली. चंद्रभागेनं म्हाळूला बोलावून घेतलं.

भर दुपार. अंगणात पाखरू नाही. झाडाचं पान हलत नाही.

"उंबरा उकर," ती म्हणाली. "सुतळी काढ."

म्हाळूनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. पहार घेतली. उंबऱ्याच्या कडेची माती उकरली आणि सुतळी बाहेर काढली.

मातीत राहूनही ती कुजली नव्हती. कालच वळल्यासारखी होती.

"उब्या ऱ्हावा, बाई. पोरी, तू धर."

कडूनं टाचेशी सुतळीचं टोक धरलं. सुतळी वर नेली. टाळूवर आणली.

गाठ तिथंच आली. नेमकी.

म्हाळू दोन पावलं मागं सरला. "ही म्या थोरल्या बाईंची पुरली हुती," तो म्हणाला.

"जाळ ती!"

"जाळतो. पर कुणाचं माप जळंल, ते मला सांगता यायचं न्हाई."

चंद्रभागेनं सुतळी हिसकावून घेतली. चुलीत विस्तव होता. ती आत जायला वळली, आणि वाटेवरून पावलं वाजली. अर्जुनराव मळ्यातून लवकर आले होते. उकरलेला उंबरा त्यांना दिसला नाही. म्हाळू दिसला नाही, कडू दिसली नाही.

"जानकी," ते म्हणाले. "उनात कावून उबी हायेस? चक्कर येईल. चल आत."

त्यांनी स्वतःच्या डोक्याचा पटका सोडला आणि तिच्या डोक्यावर सावली धरली.

आई सांगायची, नवऱ्यानं बायकोच्या डोक्यावर भर अंगणात सावली धरलेली तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिली. आणि शेवटची.

चंद्रभागेनं हातातल्या सुतळीकडं बघितलं. नवऱ्याकडं बघितलं. मग तिनं सुतळी म्हाळूच्या हातात दिली.

"पुरून टाक."

"अक्का!" कडू ओरडली. "अगं, त्यो तिला बोलिवतोय!"

"पर जाणार कोण, मी का ती?" चंद्रभागा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "तिचं दार, तिची नदी, तिचा नवरा. समदं घेतलं म्या, कडू. नावबी घेतलं. काय ऱ्हायलं तिच्याजवळ?"

ती आत गेली. मान ताठ, सरळ. डोकं आणि दगड यांच्यात चार बोटं जागा राहिली.

किण… किण… किण…

माजघरात ती थांबली.

कडूनं कान दिला. जास्तीचं पाऊल वाजलं नाही.

आता मागं कुणी राहिलं नव्हतं.

आई पुन्हा त्या घरी गेली नाही. मावशी पुढं बरीच वर्षं जगली. निजाम गेला, त्याच्या आधी वारली. नांदली सुखात, असं लोक सांगत. माझ्या तरुणपणी त्या गावची एक म्हातारी भेटली. तिला मी विचारलं, अर्जुनरावांची दुसरी बायको कशी होती हो?

"दुसरी कुटली?" म्हातारी म्हणाली. "एकच हुती की. जानकीबाई. एवढीशी, चिमणीवानी. लई जीव हुता त्यांचा."

पुढं धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं. बंगलाही गेला.

मागं एका दुष्काळात धरणाचं पाणी पार आटलं. लोक आपापली जुनी घरं बघायला गाळातून चालत गेले. मीही गेले. आई नव्हती तेव्हा, पण तिच्यासाठी म्हणून गेले. भिंती पडल्या होत्या. काळ्या दगडाची चौकट मात्र उभी होती. पलीकडं नदीची रेघ दिसत होती.

मी मावशीच्या अंगाची. ताडमाड. मला नवरा मिळायला त्यामुळंच उशीर झाला होता.

बघता बघता मी त्या दारातून पलीकडं गेले. नदी बघितली. परत आले. गाडीत बसल्यावर मला आठवलं, की मी वाकले नव्हते.

कपाळाला हात लावून बघितला. कुठं खरचटलंही नव्हतं.

अलीकडं माझ्या लुगड्याचा काठ लोळतो. सून म्हणते, आत्याबाई, म्हातारपणी माणूस खुजं होतंच. खरंच आहे तिचं. वय झालं.

पण काल दुपारी ती माजघरातून कुणाला तरी हाक मारत होती. नाव मला नीट ऐकू आलं नाही.

मी "आले" म्हणाले.